भेगा फक्त वरवरच्या होत्या

टायरला भेगा पडल्या आहेत, हे कुणालाही दिसतं. त्या भेगांनी काही होत नाही, हे ठरवायला मात्र क्वालिटीचा माणूस लागतो.

तो मी. चाकणच्या एका कारखान्यात गेली सोळा वर्षं मी गाड्यांचे सुटे भाग तपासतो. केसाएवढी चीर दिसली की लाल खूण, आणि तो भाग बाजूला. (मला खालची माणसं टरकून असतात, अशी माझी समजूत आहे.) मला कंपनीची बस नेते-आणते, त्यामुळे आमची स्वतःची गाडी निगडीच्या सोसायटीत उन्हात उभी असते. सेकंडहँड घेतलेली, पण रोज पुसलेली.

मेव्हणीचा, म्हणजे प्राजक्ताचा साखरपुडा चाकणजवळच्या एका कार्यालयात ठरला. शुक्रवारी दुपारी साडेचारला. नवरीला माझ्या गाडीतून न्यायचं, हे मीच जाहीर केलं. पार्लर निगडीत होतं म्हणून प्राजक्ता आणि सासरे आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला आले. सासूबाई बाकीच्या पाहुण्यांबरोबर परस्पर येणार होत्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मूळचे देहूरोडकडच्या एका गावातले, तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. शुक्रवारी सकाळी चहा पिऊन खाली फेरी मारायला गेले आणि पाच मिनिटांत वर आले.

"पाव्हणं, टायर बगितलं का? पार उकललंय. ह्याच्यावर पोरीला न्यायाची न्हाई."

मी हसलो. "मामा, वरवरच्या भेगा आहेत त्या. ऊन लागतं ना गाडीला."

मामा मला हाताला धरून खाली घेऊन गेले. पुढच्या डाव्या चाकाशी बसून त्यांनी टायरच्या बाजूची एक भेग नखानं उघडली. नख आत गेलं.

"वरवरच्या भेगंत नख जातं व्हय?"

आता वाद तांत्रिक पातळीवर न्यायला हवा होता. मी वर जाऊन खाचांची खोली मोजायचं गेज आणलं, टायरची नक्षी चार ठिकाणी मोजली आणि म्हणालो, "सहा मिलिमीटर. अजून निम्मं आयुष्य शिल्लक आहे."

"नक्षी ऱ्हाईलीय, कारन गाडी चालतीच कुटं?" मामा म्हणाले. "टायर चालून न्हाई मेलं. उबं ऱ्हाऊन मेलंय."

तेवढ्यात तळमजल्यावरचे कुलकर्णी काका पेपर घेऊन आले. त्यांनी एकवार टायरकडे पाहिलं आणि निकाल दिला, "रबर आहे हो ते. वयानुसार भेगा पडायच्याच. माझ्या टाचा बघा." आणि चप्पल काढून त्यांनी खरोखरच टाच दाखवली! आम्ही दोघं वाकून पाहू लागलो. टाचेची अवस्था टायरपेक्षा वाईट होती, आणि काका तर रोज तीन किलोमीटर चालत होते. माझ्या बाजूनं एक मत पडलं.

माझी बायको वैशाली हे सगळं जिन्यातून पाहत होती. ती खाली येऊन म्हणाली, "हाच टायर कंपनीत तुमच्यासमोर आला असता, तर पास केला असता?"

"कंपनीत मापांचं ड्रॉइंग असतं. इथे ड्रॉइंग कुठाय?"

(या उत्तराचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.)

मामांनी नखानं टायरवरचा मळ खरवडला. "ह्ये चार आकडं वाचा."

"दोन तीन एक तीन. बॅच नंबर असतो तो."

"पैलं दोन म्हंजी आठवडा, मागलं दोन म्हंजी साल. तेरा सालचा टायर हाय ह्यो. आमची नात त्याच्या मागनं जलमली. सातवीला हाय ती."

सोळा वर्षं याच धंद्यात असून ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, "साखरपुडा झाला की लगेच बदलू."

"रिक्षा सांगा मग आज."

रिक्षा? मी पहाटे उठून गाडी धुतली होती, पुढे झेंडूची माळ लावली होती. मी ऐकत नाही म्हटल्यावर मामांनी अट घातली. "मी पुडं बसनार. काटा चाळीसच्या वर गेला की पोरीला घिऊन खाली उतरनार."

एक वाजता निघालो. मागे पैठणीतली प्राजक्ता, तिच्या मांडीवर अंगठीची डबी, शेजारी वैशाली आणि साखरेचे पुडे. पुढे मामा. ते रस्त्याकडे बघतच नव्हते, त्यांची नजर काट्यावर. एकेचाळीस झालं की खाकरायचे. तळवडे गेलं, इंद्रायणीचा पूल गेला. मोपेडवाले एक आजोबा आमच्या बरोबरीनं बराच वेळ चालले होते. म्हाळुंगे जवळ आलं तसा मला धीर आला.

"बघा मामा," मी म्हणालो, "आलोच आपण. काही झालं?"

तेव्हा झालं.

बंदुकीसारखा आवाज आला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. माझा पाय ब्रेककडे धावला.

"ब्रेक दाबू नका," मामा शांतपणे म्हणाले. "सरळ धरा. सरळच. आपसूक थांबंल."

गाडी फरफटत कडेला जाऊन थांबली. लगेच उजव्या बाजूनं एक कंटेनर इतका जवळून गेला की आमचा आरसा थरथरला. प्राजक्तानं बहिणीचा हात घट्ट धरला होता. मी एकटा असतो तर सत्तरवर असतो, हे मला तेव्हा कळलं.

मामा उतरले. "स्टेपनी काडा."

स्टेपनी मी गाडी घेतल्यापासून पाहिली नव्हती. बाहेर काढली तर ती फुटलेल्या टायरचीच थोरली बहीण निघाली. भेगा त्याहून रुंद, आणि हवा औषधालाही नाही. मामांनी अंगठ्यानं ती दाबली, माझ्याकडे पाहिलं आणि ती फुटलेल्या टायरशेजारी टेकवून ठेवली. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

रिक्षा एक थांबेना. तेवढ्यात मागून आमच्याच कंपनीची दुसऱ्या शिफ्टची बस आली आणि माझ्याजवळ येऊन थांबली. (सुट्टीच्या अर्जावर मी 'घरगुती कार्य' लिहिलं होतं. पुरावा सर्वांसमोर उभा होता, पैठणी नेसून.) आमच्या क्वालिटी विभागातल्या कांबळे मॅडम खाली उतरल्या. दोनच दिवसांपूर्वी मी त्यांना 'संशय आला की रिजेक्ट करायचं' यावर अर्धा तास सुनावलं होतं. त्यांनी फाटलेला टायर पाहिला, मग स्टेपनी पाहिली.

"सर," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही तपासलं होतं?"

"गेजनी," मामांनी माझ्या वतीनं सांगितलं.

ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, कार्यालय वाटेवरच आहे, बसा सगळे." गाडी समोरच्या पेट्रोल पंपावर ढकलायला वीस जण उतरले. त्या वेळी स्टिअरिंगवर मामा होते. मी ढकलत होतो.

बसमध्ये प्राजक्ताला खिडकीची जागा मिळाली. मुलगा काय करतो, पगार किती, शिफ्ट आहे का, सगळी चौकशी झाली. नाईट शिफ्ट नाही हे कळल्यावर बायकांनी स्थळ पास केलं. कार्यालयापाशी बस थांबली आणि नवरीबरोबर फोटो काढायला सगळी शिफ्ट खाली उतरली. आमच्याकडून तीस माणसं येणार असं ठरलं होतं. दारात स्वागताला उभे असलेले मुलाचे काका ती उतरणारी रांग पाहतच राहिले आणि मग जेवणाचं बघायला धोतर सावरत आतल्या बाजूला पळाले. फोटो काढून बस निघून गेली, तेव्हा कुठे ते परत बाहेर आले. साखरपुडा मात्र वेळेत आणि झकास झाला.

दुसऱ्या दिवशी पंपावरची गाडी ओढून आणवली आणि मामांना घेऊन टायरच्या दुकानात गेलो. स्टेपनीसकट पाच नवे टायर सांगितले. दुकानदार जुने टायर भंगारात टाकायला निघाला, तशी माझी नजर मागच्या उजव्या टायरवर पडली.

"तो एक थांबवा," मी म्हणालो. "त्यातल्या त्यात बराय. घरी असू द्या, अडीनडीला."

दुकानदारानं मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्यापुढे हात पसरला.

"चावी."

त्या दिवसापासून आमच्या घरात गाडी वैशाली चालवते. मी मागे बसतो, आणि गाडी उत्तम चालली आहे, असा अभिप्राय देतो. तो कुणी विचारात घेत नाही.