प्लास्टर सुकेपर्यंतची सिंफनी

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, पण हातातलं कसब मला रियाधच्या इस्पितळात एका स्वीडिश साहेबांनी दिलं. प्लास्टर घालताना ते घड्याळ बघत नसत. प्लास्टर घट्ट होईपर्यंत आपल्या देशातल्या एका जुन्या संगीतकाराची सिंफनी गुणगुणत. "हयातीत त्याचं संगीत फारसं कुणी ऐकलं नाही," ते सांगत. "मुलांची वाकडी हाडं सरळ करून पोट भरलं बिचाऱ्यानं. आपल्याच धंद्यातला!"

आखाती युद्धात एका सकाळी ते पुण्याच्या एका चिमुरडीचं वाकडं पाऊल सरळ धरून बसले होते. ओलं प्लास्टर हललं असतं, तर पाऊल पुन्हा वाकडंच बसलं असतं. तेवढ्यात भोंगा वाजला. आईनं मुलीला गॅस-मास्क चढवला. साहेबांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांचा मी चढवला, मग माझा. तरी गुणगुणणं चालूच.

"काका, हे अंकल हत्तीसारखं का गातायत?" मुलीनं मला विचारलं आणि खदखदून हसली. पाऊल मात्र हललं नाही.

धोका टळल्याचा भोंगा झाला. आम्ही मास्क उतरवले. मी साहेबांचाही काढायला गेलो.

"थांब," ते आतूनच म्हणाले, "अजून शेवट राहिलाय."