गाणारा उतरला

“गाणारा उतरला, पावणं. पिन धरा.”

शिरोली नाका ओलांडला की गाडी चालवणारे मामा हे म्हणायचे आणि पुढच्या सीटवरच्या माणसानं मुकाट्यानं हात पुढं करायचा. गाडीच्या टेपला एक भोक होतं, त्यात वायरीची पिन आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला मामांचा एमपीथ्री प्लेअर. काडेपेटीएवढा, पडदा तडकलेला, वरून रबर गुंडाळलेला. पिन त्या भोकात सैल बसायची. खड्डा आला की हलायची आणि मग गंमत व्हायची. तबला, पेटी, बासरी सगळं वाजत राहायचं, फक्त गाणाऱ्याचा आवाज गायब. तुमच्यापैकी कुणी जुन्या गाडीत अशी वायर लावून गाणी ऐकली असतील तर हे ठाऊक असेल. पिन अंगठ्यानं दाबून जरा डावीकडं वळवली की गाणारा परत. “बसला,” असं म्हणून मामा गिअर टाकायचे.

आम्ही चौघं कोल्हापुरातून रोज वारणानगरला नोकरीला जाणारे. मी एका कॉलेजच्या ऑफिसात, दूध तपासायच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या एक मॅडम, आणि गाडीत बसल्या बसल्या घोरायला लागणारे दोघं. मामांची मोठी गाडी आम्ही महिन्यावारी ठरवली होती. कित्येक वर्षं रोज तोंड बघूनही ते आमचे मामा आणि आम्ही त्यांचे पावणं, एवढंच. पुढची सीट कुणाला नको असायची, हात अवघडायचा. मला गाडी लागते, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. ऑफिसात खुर्ची वर सरकली नाही, पण गाडीत पिन मिळाली, असं मी घरी सांगायचो.

खरं सांगायचं तर मला गाणी नकोच असायची. पहाटे उठायचं, डबा घ्यायचा, उसाच्या ट्रॉल्यांमागनं धूळ खात जायचं, तेच कागद खालीवर करायचे आणि त्याच धुळीतून परत यायचं. डोळे मिटून पडावं म्हटलं, तर हात पिनीवर. एकदा वैतागून म्हणालो, “मामा, मोबाईलवरनं लावा की. वायरीची कटकटच नको.”

“त्यात फोन आला की गाणारा मधीच गप हुतोय,” मामा म्हणाले. “माणूस जीव तोडून गायलाय आनि त्याचं तोंड दाबायचं व्हय? बरं दिसत न्हाय.”

गाणी लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून कधीकाळी भरून आणलेली. दुकान बंद पडलं, त्यामुळं तीच गाणी, त्याच क्रमानं. वाठार फाट्याला कुठलं लागणार ते मी झोपेतही सांगितलं असतं. मामांना मात्र त्याचा कंटाळा नव्हता. सगळे गाणारे त्यांच्या गल्लीत राहत असावेत असं ते बोलायचे. एका बाईंचं गाणं लागलं की हटकून म्हणायचे, “हिला सर्दी झाल्ती बगा त्या दिवशी. तरी गायली. कामावर यावंच लागतंय, आपल्यागत.” थकलेल्या सकाळी हे ऐकून मला बरं वाटायचं. उसाचे ट्रॅक्टर मोठाले स्पीकर लावून गेले की मात्र मामांचं तोंड वाकडं व्हायचं. “ह्यास्नी गाणं नगं, दणका पायजे.”

दिवाळी होऊन गेली होती. रस्ता नुकताच डांबर टाकून गुळगुळीत केलेला. पिन मी नीट धरली होती, गाणारा खणखणीत गात होता, मागं मॅडम त्याच्याबरोबर गुणगुणत होत्या.

“गाणारा उतरला, पावणं.”

“धरलीय मामा.”

“न्हाय, उतरला. नुसता तबला हाय.”

मी पिन दाबली, वळवली, काढून फुंकर मारून परत घातली. “आता?”

“न्हाय की.”

मी मागं वळून पाहिलं. मॅडम गुणगुणायच्या थांबल्या होत्या.

पंपावर गाडी थांबली तेव्हा मॅडम मामांच्या समोर जाऊन स्पष्ट बोलल्या, “मामा, कान दाखवून घ्या.”

“कानाला काय धाड भरलीया? वायर गेलीया ती.”

दुसऱ्या दिवशी मामांनी नवी कोरी वायर आणली. पिनीला कागद गुंडाळून ती इतकी घट्ट बसवली, की हात लावायची गरज राहिली नाही. “आता बगा,” म्हणून त्यांनी गाणं लावलं आणि कान टेपकडं वळवला. गाणं सुरू झालं. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. नव्या वायरीतूनही गाणारा त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

पुढं त्यांनी कानाला मशीन लावून पाहिलं. डब्यात खडे हलवल्यागत ऐकू येतंय, म्हणून काढून खिशात ठेवलं. गाडी मात्र सुरू राहिली.

एका सकाळी कोडोलीच्या अलीकडं आम्ही चहाला थांबलो. चहा झाला, मामा गाडी मागं घेऊ लागले. तेवढ्यात रिकामा ट्रॅक्टर गाणी लावून सुसाट आला. घोरणारे दोघंसुद्धा त्या आवाजानं जागे झाले. “थांबा मामा!” आम्ही सगळेच ओरडलो. मामा दुसऱ्या बाजूच्या आरशात बघत शांतपणे मागं घेत होते. मी हँडब्रेक ओढला. ट्रॅक्टर गाडीला घासून, शिव्या देत निघून गेला.

मामांनी हँडब्रेककडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“गाणी लावल्याली त्यानं?”

मी मान डोलावली.

“मोठ्यांदी?”

मी परत मान डोलावली. मामांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “मला म्हाईत हुतं, पावणं. घरात आमी दोघंच. गाडी सोडली तर खायाचं काय, म्हणून वडत हुतो. पर तुमास्नी पोरंबाळं हायती.”

सोमवारी गाडी आली तेव्हा चालवायला मामांचे साडू होते. गाडी त्यांच्या हवाली केल्याचं मामांनी सांगितलं आणि साडू कसा चालवतोय ते बघायला आमच्याबरोबर मागं बसले. आमच्या गाडीतला त्यांचा तो शेवटचा दिवस.

साडूंनी नवा टेप बसवून घेतला होता. वाठार सोडल्यावर त्यांनी मोबाईलवरून एक धडाकेबाज गाणं लावलं. टेपवरचे दिवे नाचायला लागले. ते बघून मामांना गाणं सुरू झाल्याचं कळलं. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला आणि गायला लागले. गाडीत वाजत होतं ते नव्हे, भलतंच, जुनं, सावकाश. सूर हलत होता, शब्द एकही चुकत नव्हता.

साडू आरशात बघून हसले. मॅडम पुढं वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “बंद करा ते.”

साडूंनी टेप बंद केला. मामा गात राहिले.