पंजाच्या बोटांमध्ये

देवासला आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो कुलपं-किल्ल्या दुरुस्त करायला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. हाताला काम नसलं की एखादं भटकं कुत्रं मांडीवर घ्यायचा, चिमट्यानं गोचीड अगदी मुळाशी धरून सरळ वर ओढायचा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. मी चिडवायचे, "भिया, हे दुसरं दुकान कधी काढलं?"

आमच्या मोत्यानं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तेव्हा मी बाई मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढून मोकळी झाले! तिसऱ्या दिवशी त्या किल्लीवाल्यानं मोत्याला पाहिलं आणि ओठ उचलून हिरड्या बघितल्या. पांढऱ्याफटक होत्या. मग पंजाची बोटं फाकवली, तर आत गोचिडांचा घोसच.

"माई, आज ही दवाखाने ले जाओ," तो म्हणाला. मग खाली बघतच बोलला, "मेरी वाली के मैंने कान देखे, पीठ देखी. उँगलियों के बीच नी देखा."

आणि चिमटा पुसत बसला.

मोत्या वाचला. आता रोज सांजवात झाली की मी चष्मा लावून त्याचा एकेक पंजा उघडून बघते. त्या माणसाची ती गेलेली कुत्री मी कधी पाहिली नाही, पण त्या वेळी तीही माझ्या मांडीशी असते.