काहीच ताण नाही

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात मी कामगारांच्या दंडाला सेन्सरचे पट्टे बांधायचो. खांदा दिवसभरात किती हलतो ते त्यात नोंदलं जायचं. ज्याचा खांदा फार राबतोय असं दिसेल, त्याला मालक बसून कांड्यांवर सूत भरायचं हलकं काम देणार होता.

पन्नाशीचा एक विणकर आला. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. "कुठला खांदा दुखतो, मामा?" असं विचारल्यावर त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, भाजीवाल्याने दुधी ठेवावा तसा. मी इतका हुशार, की त्याच हाताला पट्टा बांधला आणि वर "छान सहकार्य करता" म्हणालो.

संध्याकाळी आलेख जवळजवळ सपाट आला. "मामा, खांद्याला काहीच ताण नाही!" मी आनंदाने सांगितलं.

मागांच्या धडधडीवर आवाज चढवत तो म्हणाला, "दुकतोय म्हणून हलवतच न्हाय की सायेब त्याला. वरचं समदं काम डाव्यानंच करतो."

चूक कळली. पण पुन्हा मोजायचं तर आणखी एक दिवस राहावं लागणार होतं आणि माझं पुण्याचं तिकीट काढून झालं होतं. मी रिपोर्ट तसाच दिला.

महिन्याने पट्टे परत न्यायला गेलो. रिपोर्ट वाचून मालकाने मामाकडे आणखी दोन माग चालवायला दिले होते. मला पाहून तो जवळ आला. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्याने फक्त डावा हात पुढे केला.

"हलतोय तवर यालाबी मोजून घ्या."