सरूचं विमान

पेणच्या कारखान्यात साच्यातून काढताना एखाद्या गणपतीच्या सोंडेला भेग गेली, की बाकीचे कारागीर कपाळाला हात लावत आणि पुंडलिकला हाक मारत. पुंडलिक म्हात्रे लांबीचा लगदा मळायचा, भेग आतून भरायचा, वरून पॉलिशपेपर फिरवायचा. रंग चढला की ती भेग कुठे होती हे त्याचं त्यालाही सापडायचं नाही. मालक म्हणायचा, "पुंडलिक हाय तवर आपल्या कारखान्यात मूर्ती भंगत नाय." कौतुक खरंच होतं. पण एखादी कला माणसाच्या अंगात इतकी मुरते, की ती कुठे वापरावी आणि कुठे वापरू नये याचं भान सुटतं. पुंडलिकचं नेमकं तेच झालं.

वडखळ नाक्यावरून आत, खाडीच्या अंगाला त्याचं घर. बाप मिठागरात राबून गेला. मिठागर बंद पडलं तसा पुंडलिक साच्यांवर आला. बायको सरू, रोह्याजवळच्या वरसे गावची. मूलबाळ झालं नाही. त्यासाठी दोघांनी देव केले, डॉक्टर केले, आणि शेवटी तो विषय बासनात गुंडाळून ठेवला.

सरूच्या माहेरी, ती शाळेत असताना, बापाने तिला आणि धाकट्या महिपतीला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला होता. पिवळी कॅसेट खोचायची, त्यातला. सगळी आळी लोटायची. नियम एकच होता, आणि तो सरूनेच केलेला. विमान पडलं की रिमोट दुसऱ्याच्या हातात द्यायचा. रडायचं नाय, चिडायचं नाय, आणि कुणी कुणाच्या बदली खेळायचं नाय. सरूचा डाव सुरू झाला की पोरं घरी जाऊन जेवून यायची, तरी हिचं विमान आपलं उडतंच. लग्नात तिच्याबरोबर हंडे-कळशा आल्या, गेम मात्र महिपतीकडे राहिला. मुलीच्या जातीला सासरी व्हिडिओ गेम देतात होय?

तिचा स्वभाव पुंडलिकला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळला. पत्ते खेळताना तो लाडात येऊन मुद्दाम हरला. तिला वाटलं असेल आनंद? छे! पत्ते भिरकावले, आणि पुढे कितीतरी दिवस तोंडातून अवाक्षर न काढता ताट पुढ्यात आदळत राहिली. शेवटी बोलली ती एवढंच, "मला हरवा, चालंल. पण खोटं जिंकवू नका." एवढं ऐकूनही माणूस पुन्हा तीच चूक करतो, याला काय म्हणावं!

आजार आला तो चोरपावलांनी. आधी पायातून चप्पल निसटायची, मग हातातून तांब्या. पेणच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथे सुया टोचल्या, झटके देऊन पाहिले, आणि सांगितलं की हा नसांचा आजार आहे, एकेक अवयव निकामी होत जाईल, याला औषध नाही. बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. हे शेवटचं डॉक्टर धीर द्यायला म्हणाले. धीर कसला? आपलं शरीर आपल्याला सोडून जाताना टक्क डोळ्यांनी बघायचं, यापरती शिक्षा नाही.

महिपतीचं रोह्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान. बहिणीला भेटायला आला तो हातात मावेल एवढा एक गेमचा डबा घेऊन. चिनी माल, जुन्या गेमची नक्कल, म्हणायला चारशे खेळ आणि त्यातले निम्मे तेच ते. सरूने बटणं दाबत दाबत आपलं विमान शोधून काढलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणी हसलं होतं. पुंडलिकने मनाशी गाठ मारली, आपण असेपर्यंत हे विमान पडू द्यायचं नाही.

पण स्वस्तातल्या डब्याची बटणं कडक. तिच्या बोटांना ती दबेनाशी झाली. पुंडलिक डबा घेऊन गाडीने रोह्याला गेला. महिपतीने मागचे स्क्रू काढले तर आत काय? एक हिरवी पट्टी, तिच्यावर डांबरासारखा काळा थेंब, आणि बटणांखाली रबराच्या टोप्या.

"भावोजी, समदा खेळ त्या काळ्या थेंबात," महिपती म्हणाला. "त्याला हात लावायचा नाय. बाकी हे टोपीखालचे दोन पत्रे एकमेकांना टेकले, की बटण दाबलं असं डब्याला वाटतंय. ते कशानं टेकवायचं ते तुमचं तुमी बघा."

पुंडलिकने बघितलं. महिपतीच्या दुकानात बसून तो वायरींना कथलाचा डाग द्यायला शिकला, बोटं पोळून घेतली, पहिले चार-पाच डबे कायमचे मारले. दुकानदारांनी परत पाठवलेले मेलेले डबे महिपती त्याच्यासाठी बाजूला ठेवायचा. टीव्हीच्या जुन्या रिमोटमधल्या मऊ टोप्या काढून बसवल्या, त्यावर पावसाळा निघाला. त्याही जड झाल्या तेव्हा त्याने पट्टीवरून वायरी बाहेर ओढल्या आणि मूर्तीचे साचे करायच्या रबरात भाकरीएवढी बटणं ओतली. विमान हलवायला ती डाव्या तळव्याखाली, आणि गोळी झाडायला एक उजव्या बोटाखाली. हात कललेला पुरे. सरू म्हणाली, "गणपतीच्या पोटासारखं लागतंय." तेव्हा तिला असं लांबलचक बोलता येत होतं.

पुढे बोटाला कलणंही होईना. मग त्याने दाबायचं बटणच काढून टाकलं आणि नुसत्या स्पर्शाने चालणारी पत्र्याची चकती बसवली. तिच्या कोरड्या कातडीला ती दाद देईना, म्हणून बोटाला मिठाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी गुंडाळली. ओल्या मिठातून वीज जाते हे मिठागरातल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. विमान पुन्हा उडायला लागलं. दर वेळी असंच व्हायचं. पुंडलिक एक पाऊल पुढे टाकायचा आणि आजार दोन.

दिवाळीच्या सुमाराला ते उजवं बोट गेलं. नुसतं थरथरायचं, पण उचलून चकतीला लागायचं नाही. पुंडलिक सुचेल ते करून थकला. काय करावं हे कळेना, आणि काही करू नये हे सोसवेना. तेव्हा त्याचं लक्ष माळ्यावरच्या मखराच्या माळेकडे गेलं. सेलवर चालणारी माळ, तिला एक इवलासा डबा, आणि त्यातून दिवे आपोआप उघडझाप करणारे. त्याने माळ कापली, डबा घेतला आणि रोहा गाठलं.

महिपतीने डाग द्यायची कांडी खाली ठेवली. "म्हंजी गोळ्या आपोआप सुटणार? तायनं हात लावला नाय तरी?"

"तिला कशाला कळतंय? चकती आता नुसत्या थरथरीवर चालते म्हणून सांगेन."

"भावोजी, तुमी तिला वळखत नाय का? माझ्या हातनं हे व्हायचं नाय."

मग पुंडलिकने ते स्वतःच केलं. माळेचा डबा गेमच्या आत, गोळीच्या चकतीच्या जागी जोडला, वायर नीट दडवली, झाकण लावलं. आतून भरलेली भेग, वरून रंग.

"बघ गो," तो घरी येऊन म्हणाला, "बोट नुसतं थरथरलं तरी पुरे आता." सरूने बोटाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. विमान गोळ्या झाडत होतं. तिचा चेहरा असा उजळला की पुंडलिक मागल्या दारी जाऊन रडला. ते रडणं सुखाचं की शरमेचं हे मला विचाराल तर दोन्हींचं. थंडीभर ती रोज दुपारी खेळली. आल्यागेल्याला जड जिभेने सांगायची, बोट हाय अजून. शेजारणी म्हणायच्या, देवाची करणी. पुंडलिक मान खाली घालायचा.

एका दुपारी खेळता खेळता सरूचा डावा तळवा थांबला. ती पडद्याकडे नुसती बघत राहिली.

"माळ," ती म्हणाली. तिचं बोलणं आता फक्त त्यालाच कळायचं.

"कसली माळ गो?"

"मखराची."

आणि तिने डोळ्यांची उघडझाप करून दाखवली. दोनदा सावकाश, तीनदा पटपट, मग क्षणभर डोळे मिटून अंधार. पडद्यावर गोळ्या त्याच ठेक्यात सुटत होत्या. दर गणपतीत ती माळ हिनेच लावलेली, तिच्यासमोर बसून हिनेच मोदक वळलेले. आदल्या वर्षी तर खाटेवर पडल्या पडल्या दुसरं बघायला काही नव्हतंच. कारखान्यात लाखभर भेगा बुजवणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नाही, की जिच्यापासून लपवायचं तिच्याच मखरातलं सामान लावू नये!

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

रागावली असती तर पुंडलिकला बरं वाटलं असतं. डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं, ते पुसायलाही तिला त्याचाच हात लागला.

"मला वाटलं," ती म्हणाली, "बोट हाय अजून."

मग म्हणाली, "उघडा." त्याने तिच्यासमोर स्क्रू काढले. "काढा." त्याने वायर तोडली, माळेचा डबा काढून तिच्या उशाशी ठेवला. झाकण लावून गेम पुन्हा तिच्या हातांखाली सरकवला. उजवं बोट चकतीजवळ थरथरत राहिलं, एकही गोळी सुटली नाही. पण डावा तळवा कलला. सरू नुसती चुकवत राहिली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. गोळी न झाडता एवढा वेळ कुणी टिकलं असेल असं मला वाटत नाही. शेवटी शत्रूची विमानं चहूकडून आली.

"पडलं," ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. "आता तुमचा डाव."

एवढे डबे उघडले, पण पुंडलिक आयुष्यात एकदाही खेळला नव्हता. त्याचं विमान पहिल्याच फटक्यात पडलं. नियमाप्रमाणे त्याने डबा तिच्या हाताखाली ठेवला. ती खेळली, पडली, पुन्हा त्याचा डाव आला. रोज दुपारी असं चालायचं. ती त्याला डोळ्यांनी शिकवायची, डावीकडे, उजवीकडे, आणि तो चुकला की घशातून एक आवाज काढायची. ते तिचं हसणं होतं.

होळी झाली आणि डावा तळवाही थांबला. तिचा डाव आला, डबा हाताखाली गेला, आणि हात तसाच राहिला. विमान जागच्या जागी पडलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या बदली खेळायची सोय नव्हती, नियम तिचाच.

आताशा पुंडलिक कारखान्यातून दुपारीच घरी येतो, खाटेशी बसतो आणि खेळतो. चांगला खेळायला लागलाय. घामाघूम होतो, पापणी लवू देत नाही, बाहेर कुणी हाक मारली तरी ओ देत नाही. लोक म्हणतात, बायको अशी पडलेली आणि ह्या बाबाला खेळ सुचतोय. म्हणू देत. त्याचं विमान पडलं की डबा सरूच्या हाताखाली ठेवावा लागतो, आणि तो हात बघावा लागतो. म्हणून तो विमान पडू देत नाही.