माझ्या घराची मालकीणबाई

नागावचं घर माझ्या नावावर होतं. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून शेवटच्या आजारपणात त्यांनी घर आणि मागची नारळी-पोफळीची वाडी मला लिहून दिली. तेव्हा मी गिरगावात दोन खोल्यांत संसार करत होते. यजमान कचेरीत कारकून. त्यांना रजा मिळायची ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात रेवसची बोट बंद. बंद घराला खारा वारा खातो आणि वाडीला उन्हाळ्यात पाण्यावाचून चालत नाही. तेव्हा मुखत्यार नेमावा आणि हवापालटाला येणाऱ्या मुंबईकरांना घर भाड्याने द्यावं, असं आम्ही ठरवलं. मिठाच्या सत्याग्रहाच्या थोडं आधीची ही गोष्ट.

मुखत्यारीला दोघे पुढे आले. एक अलिबागचा दलाल. हातात छत्री, खिशात घड्याळ, आणि घरात पाऊल टाकण्याआधीच आपल्या ओळखीच्या साहेबलोकांची यादी. दुसरे आमच्या कुंपणापलीकडचे शेजारी. त्यांना सगळा गाव भाऊ म्हणे. ते थेट विहिरीवर गेले, रहाट फिरवून पाहिला आणि म्हणाले, "गाडगी बदलाया झालीत." मला हा माणूस आवडला. भाड्यातला ठरीव वाटा आणि वाऱ्याने आपोआप पडलेले नारळ त्यांचे, असा करार झाला. निघताना मी त्यांच्या बायकोला म्हटलं, "वहिनी, घर आपलंच समजा." असं आपण सगळेच म्हणतो. समोरचा मान डोलावतो आणि विसरून जातो. या बाई विसरल्या नाहीत.

पहिल्याच हंगामानंतर एक भाडेकरीण गिरगावात माझ्याकडे आली. नवऱ्याच्या दुखण्यासाठी ती महिनाभर नागावला राहिली होती. पदराखालून तिने सुपारीची पुडी काढली आणि म्हणाली, "तुमच्या ओळखीने फार चांगलं घर मिळालं हो. मालकीणबाई तर देवमाणूस! यांना रोज पेज करून देत. आणि त्या जुन्या चिनी बरणीतलं त्यांचं लोणचं, अहाहा!"

मालकीणबाई! ती बरणी माझ्या आईची. मी सांगितलं, "मालकीण मी आहे." त्यावर ती हसून म्हणाली, "हो, कागदोपत्री तुम्हीच." तिला चहाचा दुसरा कप मी विचारला नाही.

त्यानंतर जो जो भाडेकरू आला, तो वहिनींचं नाव घेतच आला. वहिनींनी काढा दिला, वहिनींनी लेकराची दृष्ट काढली, वहिनी संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावतात तेव्हा घर कसं प्रसन्न वाटतं. ती तुळस माझ्या हातची. मी ऐकत असे आणि आतल्या आत जळत असे. हेवा म्हणतात तो हाच, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची लाज मला कधी वाटली नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

यजमानांना माझी गंमत वाटे. "भाडं वेळेवर येतं, कौलं शाबूत आहेत, वाडी हिरवी आहे. मुखत्यार चोर निघाला असता तर तुला बरं वाटलं असतं!"

"वाटलं असतंच," मी म्हटलं. "चोराला हाकलता तरी येतं."

शेवटी एका माघात, घर रिकामं असताना, मी एकटीच निघाले. मनाशी ठरवून निघाले होते. भाऊंची मुखत्यारी काढायची आणि अलिबागच्या दलालाला द्यायची. तो माझी बरणी वापरणार नव्हता, की कुणाला पेज करून देणार नव्हता. त्या घराची मालकीण मी आहे, हे एकदा चार माणसांच्या देखत ठरून जायला हवं होतं.

बोट, मोटार आणि शेवटी बैलगाडी करून दारात उतरले. आळीतली एक म्हातारी कुंपणाशी आली, कपाळावर हात धरून मला न्याहाळलं आणि आत हाक मारली, "वयनी, तुमच्याकडं पावनी आलीय गो!" वहिनी लगबगीने आल्या, माझ्या पायावर पाणी घातलं, गुळाचा खडा दिला. माझ्याच उंबऱ्यावर मी गूळ खाल्ला.

मग मी खोड काढायला लागले. माळ्यावर चढले, कपाटांमागे पाहिलं, विहिरीचं पाणी चाखलं. एवढं करून एक कोळिष्टक मिळेल तर शपथ! स्वयंपाकघरात मात्र चूल जागेवरून हलवलेली दिसली. मला जरा बरं वाटलं.

"आईची चूल त्या कोपऱ्यात होती," मी म्हटलं.

"व्हय ताई. पन आजारी मानसांना धूर सोसवत न्हाय. खिडकीखाली घेतली तर धूर भायेर जातो," वहिनी म्हणाल्या. "तुमी सांगाल तर आज परत तिथं मांडते."

खिडकीखाली चूल चांगलीच होती. आई जन्मभर त्या कोपऱ्यात खोकत बसली आणि आमच्यापैकी कुणाला हे सुचलं नाही. "असू दे," एवढंच म्हणून मी बाहेर आले. वाडीत नारळ पाडायचं काम चाललं होतं. गड्याने शहाळ्यांचा घड खांद्यावर घेतला आणि विचारलं, "वयनी, शहाळी कुठं ठेवू?"

"पडवीत ठेव," मी मोठ्याने म्हटलं.

गडी घड घेऊन तसाच उभा राहिला. त्याने वहिनींकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे शहाळी पडवीत गेली. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

निघायच्या सकाळी गाडी जुंपलेली होती. बोलण्याची तयारी मी रात्रीपासून केली होती. "भाऊ, फार केलंत, आता तुम्हाला त्रास नको," असं गोड बोलून मोकळं व्हायचं. सुरुवात म्हणून घराची चावी मागितली. वहिनींनी ती कमरेची काढून लगेच माझ्या हातावर ठेवली. का, कशाला, काही विचारलं नाही. भाऊ अंगणात माझी वळकटी गाडीत बांधत होते. आळीतल्या दोन-तीन बायका निरोपाला आल्या होत्या. साक्षीला माणसं हवी होती, तीही होती. मी तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाल्या, "ताई, वाईच थांबा. देवापुढं बसा."

देवापुढे पाट मांडलेला होता. तबकात खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि आमच्याच वाडीतला सोललेला नारळ.

आई गेल्यापासून त्या घरात माझी ओटी कुणी भरली नव्हती. भरणार कोण? मला सख्खा भाऊ नाही, तर भावजय कुठली? पाटावर बसले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओटी भरणारी घरात राहते आणि ओटी घेणारी गाडीत बसते. सगळ्या आळीदेखत ही बाई मला माझ्याच घरातून सासरी पाठवत होती, आणि तेही इतक्या मायेने की तिला एक शब्द बोलायची सोय नाही. माझा नारळ, माझे देव, माझा पाट! उठून जावं असं फार वाटलं. पण सवाष्णीने ओटी नाकारलेली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

मी पदर पसरला. वहिनींनी हळदकुंकू लावलं आणि ओंजळीने तांदूळ घातले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हातारी म्हणाली, "माहेर सोडताना रडू येतंच गो बाय." मी रागाने रडत होते, हे त्यांना कोण सांगणार? आणि सगळं रडं रागाचंच होतं, असंही मला शपथेवर सांगता येणार नाही.

माहेरचं घर भरलेलं राहावं म्हणून ओटीतले चार दाणे परत द्यायची आमच्याकडे रीत आहे. मी चिमूटभर तांदूळ तबकात टाकले. मग मुठीतली चावी त्यावर ठेवली.

वहिनींनी ती उचलून कमरेला खोचली आणि दारापर्यंत मला हाताला धरून आणलं.

"ताई, पुढच्या खेपेला चार दिस जास्त राहाया या," त्या म्हणाल्या.

"येईन," मी म्हटलं आणि गाडीत बसले.