अर्ध्या गुणाचं भांडण

आमच्या छोट्याशा बिअर कारखान्यात तो एकतीस वर्षं बिअर चाखून गुण देत होता. लोकांना वाटायचं, काय मजा आहे लेकाची! मजा कसली? सकाळी दहाला तिघे चाखणारे तीन कोपऱ्यांत बसणार, ग्लासवर तळहात ठेवून बिअर हलवणार, हात काढून हुंगणार, घोटभर पिणार आणि चिठ्ठीवर दहापैकी गुण लिहिणार. तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, चेहरासुद्धा हलू द्यायचा नाही. मग चिठ्ठ्या एकदम उलटायच्या आणि खुशाल भांडायचं. हा गडी अर्ध्या गुणासाठी तासभर भांडायचा, म्हणून सगळे त्याला ‘अर्धागुण’ म्हणत. मी बाटल्या भरायच्या यंत्रावर होतो आणि राहायला त्याच्या खालच्या मजल्यावर. जिन्यात भेटला की आधी माझ्या साबणाच्या वासाला नावं ठेवायचा, मग खुशाली विचारायचा.

त्याची बायको लवकर गेली. लेकीला त्याने एकट्याने वाढवलं, आणि वाढवलं म्हणजे काय, तर हुंगायला शिकवलं. बिअरमध्ये घालतात ती हॉप्सची सुकी फुलं बरण्यांत भरून ठेवलेली असायची. शाळेत असल्यापासून पोरगी डोळे मिटून बरणी ओळखायची. सज्ञान झाली तशी दर रविवारी सकाळी टेबलावर दोन ग्लास, दोन चिठ्ठ्या आणि कडाक्याचं भांडण. “म्हातारं झालंय तुमचं नाक, बाबा!” हे मला खाली स्पष्ट ऐकू यायचं. पुढे तिला लांबच्या शहरात नोकरी लागली आणि वरचा मजला गप्प झाला.

तो निवृत्त व्हायच्या आधीच्या महिन्यात कारखान्याने इंडिया पेल एल नावाची, हॉप्सच्या सुवासाची एक बिअर काढली आणि त्याने तिला नऊ गुण दिले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. खोटं नाही सांगत, लोक हातातली कामं सोडून ती चिठ्ठी बघायला गेले. त्यातली एक बाटली त्याने घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवली. लेक आली की उघडायची म्हणून.

आता हाच माणूस उभ्या जगाला बजावत आला होता की पेल एल ही मुरवायची वस्तू नव्हे. तीन-चार महिन्यांत हॉप्सचा सुवास उडतो आणि मागे नुसता कडवटपणा उरतो. पण लेकीला फोनवर हे सांगेल तर शपथ!

“सवडीने ये, घाई नाही,” एवढंच म्हणायचा. तिला सुट्टी कधी पुढच्या महिन्यात मिळणार असायची, कधी त्याच्याही पुढच्या.

“अरे, सांग की तिला, बाटली फुकट चाललीय म्हणून,” मी एकदा म्हटलं.

“एका बाटलीसाठी बोलावू पोरीला? काहीतरीच तुझं!”

खरं कारण मला ठाऊक होतं. बोलावलं आणि ती नाही म्हणाली तर? ते ऐकायची त्याची छाती नव्हती. त्यापेक्षा रोज फ्रिज उघडून बाटलीवरची तारीख बघणं त्याला सोपं वाटायचं.

ती आली तेव्हा बाटलीला अकरावा महिना चालू होता, आणि त्याच दिवशी पाचच्या बसने परतणार होती. तिसरा चाखणारा म्हणून त्याने मला वर बोलावलं. बाटली उघडून त्याने तीन ग्लास भरले. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास माझ्यासारख्या यंत्रवाल्यालाही आला. त्याने हुंगलं. चेहरा हलला नाही. तिचाही नाही. चिठ्ठ्या उलटल्या.

त्याचे तीन. तिचे नऊ. माझी मी उलटलीच नाही.

“तुला वास नाही आला?” त्याने विचारलं.

“आला.”

“मग हे काय?”

“बाबा, वर्षाने भेटतोय आपण. तुम्ही एवढी जपून ठेवलीत. आठ तासांचा प्रवास करून मी काय भांडायला आले?”

“भांडायलाच तर हवी होतीस गं,” तो म्हणाला. “मला बरं वाटावं म्हणून बोलणारे गावभर आहेत.”

ग्लासवर तळहात ठेवून तिने तो पुन्हा हलवला, डोळे मिटून हुंगला, नऊवर काट मारली आणि शेजारी दोन लिहिले.

“दोन?” तो ताडकन उठला. “कडवटपणा शाबूत आहे अजून! त्याचा अर्धा तरी दे!”

“नाही देणार. म्हातारं झालंय तुमचं नाक!”

मी चिठ्ठी खिशात घालून निघालो. तिच्यावर साडेआठ होते. मलाही त्याला बरं वाटावं असंच वाटलं होतं. खाली येऊन कुलूप उघडलं तेव्हा वर भांडण रंगात आलं होतं. पाचला बस होती, त्यानंतर पुन्हा महिनोन्‌महिने तो आणि ते रिकामं टेबल. तरी मला त्याचा हेवा वाटला. माझी बहीण दर महिन्याला फोन करते, कसा आहेस विचारते. मी ‘मजेत’ म्हणतो. ती ‘बरं’ म्हणते आणि फोन ठेवते.